म्हाताऱ्या गाई आणि टाके सोडणारी मशीन



आजचं वाचन: कठोपनिषद, पहिला अध्याय, पहिली वल्ली, सुरुवातीचे चार मंत्र.

गेले दहा दिवस इथे काहीच लिहिलं नाही. काही जणांनी मेसेज करून विचारलं, बरा आहेस ना? बरा आहे. सिरोंच्याला होतो. बाबा गेले त्याला आता वर्ष झालं, आईला पुण्याला आणायचं होतं आणि त्याआधी तिथलं भाड्याचं घर रिकामं करायचं होतं. तीस वर्षांचं सामान. त्या दहा दिवसांत पोथी उघडली ती फक्त रात्री झोपताना, आणि योगायोग असा की वाचनाच्या क्रमात नेमकी नचिकेताची गोष्ट आली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण या वेळी ती अंगावर आली. का, ते सांगतो.

आधी मंत्रांत काय आहे ते पाहू. वाजश्रवस नावाच्या ऋषीने विश्वजित यज्ञ केला. हा यज्ञ करणाऱ्याने जवळचं सगळं देऊन टाकायचं असतं. दक्षिणा म्हणून त्याने गाई दिल्या. पण गाई कशा? ज्यांचं पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं, दूधही देऊन झालं, आणि ज्यांना आता वासरूही होणार नाही, अशा. थोडक्यात, ज्यांचा सांभाळ करणं घरात जड झालं होतं त्या गाई यज्ञात ‘दान’ झाल्या. नचिकेता तेव्हा लहान मुलगा. तो हे बघतो आणि त्याच्या मनात श्रद्धा शिरते, असं उपनिषद म्हणतं. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा शिरली म्हणून तो हात जोडून गप्प बसला नाही. श्रद्धा शिरली म्हणूनच त्याला खोट दिसली. मग तो बापाला विचारत राहतो की मला कोणाला देणार? तिसऱ्यांदा विचारल्यावर बाप चिडून म्हणतो, तुला यमाला दिला.

आता सिरोंच्याला चला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गडचिरोली जिल्ह्याचं हे अगदी दक्षिणेचं टोक. नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता गावाला लागून वाहते आणि पुढे गोदावरीत मिसळते. बाजारात तेलुगू, शाळेत आणि कचेरीत मराठी, आसपासच्या जंगलातल्या गावांमध्ये माडिया आणि गोंडी. बाबा तिथे शिक्षक होते. बदलीची संधी आली तेव्हाही गेले नाहीत.

नदीपलीकडे तेलंगणात कालेश्वरम आहे. तिथल्या मंदिरात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत, एक मुक्तेश्वर म्हणजे शिव आणि दुसरा कालेश्वर म्हणजे यम. बाबांच्या अस्थी आम्ही त्याच संगमावर सोडल्या. गोदावरीवर पूल झाल्यापासून तिथे जाणं सोपं झालंय. लहानपणी नावेतून जायचो. तेव्हा बाबा सांगायचे, बघ, इथे यम देवाच्या शेजारी बसलाय, त्याला घाबरायचं नाही, त्याच्यासमोर हिशेब मात्र नीट ठेवायचा. तेव्हा हे नुसतं बोलणं वाटायचं.

देऊन टाकायची घाई

माझा प्लॅन सोपा होता. आईची देवाची भांडी, कपडे आणि बाबांची पुस्तकं गाडीत टाकायची, बाकी सगळं दान. ट्रक करून पुण्याला नेण्याइतकं ते सामान मोलाचं नव्हतं. दोन दिवसांत मी सात खोकी भरली आणि त्यांवर मार्करने ‘आश्रमशाळा’ लिहिलं. मनातून छान वाटत होतं. बाबांच्या नावाने दान होणार, सामान मार्गी लागणार, आणि मला सोमवारच्या स्टँडअप मीटिंगआधी पुणं गाठता येणार.

आईने एक खोकं उघडलं. वरच जुना मिक्सर होता.

“हा तर बंद आहे ना रे बाबू?”

“दुरुस्त करून घेतील ते.”

“कोण घेईल? आश्रमशाळेतली पोरं?” तिने खाली हात घातला. झिजलेली ब्लँकेटं, रिंग नसलेला कुकर, माझी इंजिनीअरिंगची पंधरा वर्षांपूर्वीची पुस्तकं, एका पायाचा मोजा. “तुझ्या घरात जे चालत नाही ते त्यांच्या घरात चालते काऊन?”

मी म्हटलं, आई, फुकट देतोय. ती म्हणाली, “म्हणूनच विचारून राहिली. विकायला काढलं असतंस तर हा मिक्सर ठेवला असतास का समोर?”

त्या रात्री पोथीत म्हाताऱ्या गाई आल्या. पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या. माझ्या सात खोक्यांची यादीच कोणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी करून ठेवली होती.

मित्रांनो, आपण शहरातले लोक हे सर्रास करतो. 2022 च्या जुलैमध्ये गोदावरीला पूर आला, सिरोंचा तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा मी पुण्यात ऑफिसमधून कपडे गोळा केले होते. ते कपडे निवडायला एक संध्याकाळ बसलो तर त्यात लग्नातले जरीचे घागरे, बटणं गेलेले शर्ट आणि एक स्विमिंग कॉस्च्यूम निघाला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. आपलं कपाट रिकामं झालं आणि वर पुण्यही मिळालं, एवढंच. ‘गूंज’ या संस्थेचं काम तुम्ही ऐकलं असेल. अंशू गुप्तांनी ती 1999 मध्ये सुरू केली. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदतीचे म्हणून आलेले निरुपयोगी कपडे रस्त्याकडेला ढिगांनी पडले होते, तेही निवडून कामी लावायचं काम त्यांनी केलं. त्यांच्याकडे गावातले लोक विहीर, रस्ता असं गावाचं काम करतात आणि मोबदला म्हणून कपडे नेतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. जे मान न राखता, तुच्छतेने दिलं जातं ते तामस दान. मला वाटायचं, तामस दान म्हणजे कोणीतरी भिकाऱ्याच्या अंगावर नाणं फेकतोय. बंद मिक्सरवर मार्करने ‘आश्रमशाळा’ लिहिणं हेही त्यातच बसतं, हे कधी सुचलं नव्हतं.

गाडीची डिकी

मग ठरलं की विकायचं. चालणाऱ्या वस्तू विकायच्या, न चालणाऱ्या सरळ भंगारवाल्याला द्यायच्या.

मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये ऑनसाइट होतो तेव्हा रविवारी सकाळी बघायचो, लोक मैदानावर ओळीने गाड्या उभ्या करतात, डिकी उघडतात आणि घरातलं नको असलेलं सामान विकतात. खेळणी, कपबशा, दिवे. त्याला कार बूट सेल म्हणतात. आपल्याकडे हे वेगळ्या रूपात होतंच. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण तर आपल्या सगळ्यांच्या आयांनी दारात बसवली आहे, आणि तिच्याशी तासभर हुज्जतही घातली आहे. तिथे कोणी कोणावर उपकार करत नव्हतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी, मे महिन्याच्या उन्हाआधी, मी बाजाराच्या कडेला गाडी लावली आणि डिकी उघडली. आई एका बाजूला सतरंजीवर भांडी मांडून बसली. पायमशीन गाडीत मावत नव्हती, ती हातगाडीवरून आणली. पहिला अर्धा तास मला लाज वाटत होती. सारूंचा पोरगा, पुण्याचा इंजिनीअर, आणि पातेली विकतोय. नंतर मजा येऊ लागली. लोक तेलुगूत भाव विचारायचे, आई तेलुगूत भाव पाडू द्यायची नाही. बाबांचे विद्यार्थी आता बापे झालेत, ते उगाच जास्त पैसे द्यायला बघायचे, आई परत करायची. “भाव तो भाव.”

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार नावाचा वाणी आहे, वाराणसीचा. जाजली नावाचा तपस्वी, ज्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटं केलं तरी तो हलला नाही, त्याला धर्म शिकायला या दुकानदाराकडे जावं लागलं. तुलाधाराचं सांगणं एवढंच की माझा तराजू सगळ्यांना सारखा आहे. बाजारात बसलेल्या आईकडे बघून मला तो आठवला. मला स्वतःबद्दलही तसंच वाटत होतं, हे कबूल करतो. ते जेमतेम दुपारपर्यंत टिकलं.

पातळ कापड

साधारण अकराच्या सुमारास एक बाई आली, बरोबर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. मशीन बघितली. मी तीन हजार सांगितले. बाई तेलुगू-मराठी मिसळून बोलत होती. मुलगी शिवण शिकतेय, गावात शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळेल म्हणाली. पैसे मिरची तोडाईचे होते. सिरोंच्याकडच्या बायका हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातात, दिवसभर वाकून, हाताची आग होईस्तोवर. तिने पदराची गाठ सोडली.

आता नीट ऐका. त्या मशीनमध्ये दोष होता. जाड कापडावर ती टाके सोडायची. आईने आदल्या रात्रीच सांगितलं होतं, शटल झिजलंय. बाईने म्हटलं, चालवून दाखवा. माझ्यासमोर दोन चिंध्या होत्या, एक जुन्या पँटची, एक पातळ सुती. मी सुती उचलली.

कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिकडे गेला. टाके एकसारखे पडले, मुलगी हसली, अडीच हजारात सौदा झाला. त्या वेळी आई पलीकडे कळशीच्या भावात गुंतली होती.

आपण सॉफ्टवेअरवाले रिलीज नोट्समध्ये ‘नोन इश्यूज’ लिहितो. दोष असणं हा गुन्हा नसतो. तो माहीत असताना डेमोसाठी चालेल तेवढाच डेटा निवडायचा, ही मात्र लबाडी असते. अशा डेमोवर मी ज्युनिअर मुलांना झापलंय.

रात्री जेवताना आईने विचारलं, “तिला टाक्यांचं सांगितलंस ना?”

“तिने विचारलं नाही.”

आई काहीच बोलली नाही. ताट उचलून आत गेली.

मी पोथी उघडली आणि तेव्हा मला कळलं की म्हाताऱ्या गाईंचा प्रश्न दान की विक्री असा नव्हताच. सात खोक्यांमधून मी ती गाय बाहेर काढली, धुतली, तिच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी बांधली आणि बाजारात उभी केली. आधी फुकट देऊन फसवत होतो, आता पैसे घेऊन फसवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. गाडी भरली. आई ओट्यावर बसून राहिली.

“चल ना आई, ऊन होईल.”

“उद्या निघू. आधी ती बाई.”

नाव माहीत नव्हतं, गावाचं नाव बोलण्यात आलं होतं तेवढंच. काल मशीन ज्या टेम्पोत चढवली तो टेम्पोवाला सापडला, त्याने घर सांगितलं. नदीकाठचं गाव. अंगणात कडुनिंबाखाली मशीन ठेवली होती, वर फडकं झाकलेलं. शेजारी खाकी कापडाचे तुकडे आणि दोन तुटलेल्या सुया.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. दोष मला माहीत होता, मुद्दाम पातळ कापड दिलं, पैसे परत घ्या, मशीन मी घेऊन जातो. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्याशी न बोलता आईशी तेलुगूत बोलली. आईने मला सांगितलं.

“ती म्हणते, पोरगी काल रात्री रडली. तिला वाटलं, मशीन चांगली आहे, आपल्यालाच येत नाही.”

मित्रांनो, यावर मी काय लिहू? मला वाटत होतं मी फार तर पाचशे-सातशे रुपयांची लबाडी केली. त्या मुलीने ती स्वतःच्या हातांच्या खात्यावर टाकली होती. लपवलेला दोष नाहीसा होत नाही, तो घेणाऱ्याच्या माथी बसतो. फाटकं ब्लँकेट मिळालेल्या पोराला वाटतं, आपली लायकी एवढीच. टाके सोडणारी मशीन मिळालेल्या मुलीला वाटतं, आपल्याला जमत नाही. म्हणूनच नचिकेता गप्प बसला नसावा. यज्ञ बापाचा बिघडत होता, पण त्या गाई ज्याच्या दारात जाणार होत्या त्याच्या घरी रात्री काय होणार, ते त्या मुलाला दिसलं.

बाईला मशीन हवी होती. पूर्ण पैसे परत घ्यायला ती तयार झाली नाही. शटल बदलायला काय लागेल ते सिरोंच्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारलं, त्यात सुयांचे आणि येण्याजाण्याचे धरले, आणि आठशे रुपये मोजून घेतले. एक रुपया जास्त घेतला नाही. मुलीला मी म्हटलं, तुझा हात चांगला आहे, चूक माझी होती. ती आईच्या मागे उभी होती. तिने मान हलवली, पण माझ्यावर विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही.

दूध देणारी गाय

परत आलो तर आईने अजून एक काम काढलं. बाजारातून आलेल्या पैशांतून किराणावाल्याची आणि दूधवाल्याची बाकी चुकती केली. मग कपाटावरून एक बंद खोकं काढलं. गेल्या दिवाळीला मी पाठवलेला नवा मिक्सर, सील न फोडलेला. तो तिने शेजारच्या काकूंना दिला. बाबांच्या आजारपणात रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या त्याच.

माझ्या पोटात चटकन काहीतरी हललं. साडेचार हजारांचा होता. पुण्याला नेता आला असता. त्या सात खोक्यांच्या वेळी हे असं काहीच हललं नव्हतं, उलट छान वाटत होतं. तेव्हा कळलं, दान होतंय की नाही हे ओळखायची खूण हीच. दुधाची गाय जाताना घरात थोडं हलतं.

नचिकेताने बापाला विचारलं, मला कोणाला देणार? मी त्याचा अर्थ आता असा घेतो: बाबा, सगळं द्यायचं ठरलंय ना? मग जे तुम्हाला प्रिय आहे त्याचं काय? बाप चिडला, कारण प्रश्न बरोबर जागी लागला. आणि तरी यमाच्या घरी तीन रात्री उपाशी काढल्यावर या मुलाने पहिला वर काय मागितला? बापाचा राग शांत होवो, त्याच्या मनाला स्वस्थता मिळो. ज्याची चूक दाखवली त्याच्यासाठीच पहिलं मागणं. माझ्या आईने ताट उचलून आत जाणं आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून राहणं, यातही मला तेच दिसतं. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. फक्त गाडीत बसली नाही.

निघताना पुलावर गाडी थांबवून आईने कालेश्वरमच्या दिशेने हात जोडले. मीही जोडले. एका शाळुंकेवर शिव आणि यम. बाबांचा हिशेबाचा मुद्दा आता पटला होता.

आजचा अभ्यास

घरात नको असलेल्या वस्तू प्रत्येकाकडे आहेत. या आठवड्यात एक कप्पा उघडा आणि तीन वाटण्या करा.

जे चालत नाही, ते भंगारात किंवा ई-कचऱ्यात. त्यावर देवाचं, गरिबाचं किंवा आईवडिलांचं नाव घालू नका.

जे चालतं पण तुम्हाला नको, ते विका किंवा सांगून द्या. विकताना दोष पहिल्या ओळीत लिहा. फोटो काढताना ओरखडा दिसेल अशा बाजूनेच काढा. दोन पैसे कमी येतील, येऊ द्या.

आणि एक वस्तू अशी शोधा जी चांगली आहे, हवीशी आहे, जी देताना पोटात थोडं हलेल. ती ज्याला खरोखर उपयोगी पडेल त्याला द्या, आणि फोटो टाकू नका.

हे पांडुरंगा, माझ्या हातून बाहेर जाणारी वस्तू कोणाच्या घरी अश्रू घेऊन जाऊ नये. हात पातळ कापडाकडे वळला की मला थांबव. मला थांबवायला ओट्यावर बसून राहणारी माणसं माझ्या आयुष्यात असू देत.

उद्याचं वाचन: यमाच्या दारातल्या तीन रात्री.

राम कृष्ण हरी.